वीस प्याल्यांचा हिशेब

भडगावहून जळगाव, भुसावळ, रावेर ओलांडले की तापीकाठी बऱ्हाणपूर लागते. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे. पण फारुकी सुलतानांच्या काळात आणि पुढे मोगलाईतही खानदेशचा कारभार तिथूनच चाले. याच शहरात दोन मोगल शहजादे दारूपायी मेले. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल १६०४-०५च्या सुमारास गेला, तेव्हा तो जेमतेम तेहतीस वर्षांचा होता. १६२६ मध्ये शहजादा परवेझ गेला, तोही चाळिशी न गाठता. त्याआधी १५९९ मध्ये दानियालचा थोरला भाऊ मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना तिशीच्या आतच दारूने संपला होता.

मुराद आणि दानियाल हे बादशहा जहांगीरचे सख्ख्या बापाचे भाऊ, आणि परवेझ हा त्याचा मुलगा. खुद्द जहांगीर या तिघांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक पिणारा होता. तरीही तो ५८ वर्षे जगला आणि त्यातली २२ वर्षे त्याने राज्य केले. त्याच्या चरित्रात लढाया, बंडे, नूरजहाँ हे सगळे येतेच. पण वैद्यकाच्या दृष्टीने त्यात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. चव आणि सुगंध यांची इतकी बारीक जाण असलेला हा माणूस स्वतःच्या व्यसनाचा हिशेबही प्याल्याप्याल्याने लिहून ठेवून गेला.

खोकल्यावरचा एक तोळा

जहांगीरचा जन्म ऑगस्ट १५६९ मध्ये फत्तेपूर सिक्रीला झाला. त्याचे नाव सलीम. अकबराची आधीची मुले जगली नव्हती, त्यामुळे हा नवसासायासाचा मुलगा. तान्हेपणी त्याला खोकला झाला की आई आणि दाया दारूचा एखादा तोळा गुलाबपाण्यात मिसळून औषध म्हणून पाजत. ही हकीकत त्याने स्वतःच आपल्या आठवणींत, म्हणजे जहांगीरनाम्यात, नोंदवली आहे.

ही रीत मोगलांबरोबर संपली असे मानण्याचे कारण नाही. बाळाला सर्दी-पडसे झाले की ब्रँडीचे दोन थेंब चाटवणारी घरे अजूनही सापडतात. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि अल्कोहोल नवी साखर तयार होऊ देत नाही. त्यामुळे मुलाच्या रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते, मूल सुस्त पडते, प्रसंगी आकडी येते. खोकला मात्र त्याने बरा होत नाही. छातीला येणारी ऊब ही त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याची जाणीव असते. शरीरातली उष्णता उलट बाहेर जाते.

पुढे सलीम साधारण सतरा वर्षांचा असताना सिंधू नदीकाठी अटकेला बापाच्या छावणीत होता. एके दिवशी शिकारीत फार दमला. शाहकुली नावाच्या तोफखान्यातल्या एका जाणत्याने सुचवले की एक प्याला घेतला तर शीण जाईल. शहजाद्याने हकीम अलीच्या घरी माणूस धाडला. हकिमाने एका छोट्या बाटलीत दीड प्याला पिवळसर, गोड चवीची द्राक्षमदिरा पाठवली. ती त्याला आवडली आणि तिचा अंमलही आवडला.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. पहिला प्याला शिणावरचा उपाय म्हणून आला, आणि तो वैद्याच्या घरून आला. आजही व्यसनाधीन माणसाला पहिल्या प्याल्याची आठवण विचारली तर दमणूक, झोप न येणे, अंगदुखी यांपैकीच काहीतरी पुढे येते. दुसरे म्हणजे तो गोड होता. कडू चव ही विषाची सूचना म्हणून माणसाचे शरीर जन्मतःच नाकारते. गोड चवीला ते हरकत घेत नाही. तरुण मुलांच्या हाती पडणारी पेये आजही गोडच का असतात, याचे उत्तर इथे आहे.

नाक आणि जीभ

१६०५ मध्ये अकबराच्या मृत्यूनंतर सलीम जहांगीर नावाने गादीवर आला. आल्याबरोबर त्याने बारा फर्माने काढली. दारू आणि इतर मादक पदार्थ बनवण्यावर बंदी हे त्यांतले एक. ते फर्मान नोंदवताना आपण स्वतः पितो हेही त्याने लपवले नाही.

राजा म्हणून त्याच्याविषयी मते वेगवेगळी आहेत, पण निरीक्षक म्हणून तो अव्वल होता. सारस पक्ष्यांची जोडी अंडी कशी उबवते हे त्याने दिवसेंदिवस पाहून लिहिले, मन्सूरसारख्या चित्रकाराकडून पक्षी-प्राणी हुबेहूब रंगवून घेतले. हीच नजर त्याने चवीलाही लावली. काबूलची साहिबी आणि किशमिशी द्राक्षे, कारीझ, बदख्शान आणि काबूलची खरबुजे, यज्दची डाळिंबे, समरकंदची सफरचंदे, फिरंग्यांच्या बंदरांतून आलेला अननस, हे सारे त्याच्यापुढे येई आणि तो एकाची दुसऱ्याशी तुलना करी. इतके चाखूनही आपल्या जिभेला आंब्याच्या तोडीचे फळ नाही, असा निवाडा त्याने दिला. दूरदूरची इतकी फळे एकाच वेळी समोर आली, तेव्हा फळांची आवड असलेला बाप हे पाहायला नाही, याची त्याला हळहळ वाटली.

गुजरातेत असताना त्याला बाजरीची खिचडी मिळाली. ती त्याला एवढी आवडली की मांस वर्ज्य असलेल्या दिवशी तीच करावी असे त्याने सांगून ठेवले. खानदेशातल्या कुठल्याही घरात याचे नवल वाटणार नाही.

सुगंधाबाबतही तेच. चाफा, केवडा, बकुळ यांच्या वासांचे त्याने वेगवेगळे वर्णन केले; केवड्याचा तीव्र दरवळ त्याला कस्तुरीच्या जोडीचा वाटला. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना वर तरंगणारी साय तिने वेगळी जमवली आणि त्यातून गुलाबाचे अत्तर आले. त्याला इत्र-ए-जहांगिरी हे नाव मिळाले. एका थेंबाने अख्खी मैफल दरवळते आणि जणू असंख्य तांबड्या कळ्या एकदम उमलल्यासारखे वाटते, असे त्याचे वर्णन बादशहाने केले.

वास सांगण्याची माणसाची रीतच अशी आहे. तांबडा, निळा असे रंगांना स्वतंत्र शब्द असतात. वासाला मात्र बहुधा कशासारखा तरी म्हणावे लागते. आज नाशिकच्या वायनरीत पांढऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँचा ग्लास हातात आला की जाणकार पेरूसारखा, ढोबळ्या मिरचीसारखा अशी उपमा देतात. यात कल्पनाविलास थोडा आणि रसायनशास्त्र जास्त असते. ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारी पायराझीन जातीची संयुगे त्या द्राक्षातही असतात आणि पेरूचा भास देणारी गंधकयुक्त संयुगे आंबवण्याच्या क्रियेत मोकळी होतात.

जिभेला मात्र यातले काहीच कळत नाही. तिला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-मश्रूममध्ये लागणारी उमामी एवढ्याच चवी ओळखता येतात. आयुर्वेदाने सहा रस मानले. त्यांतला तिखटपणा हा आजच्या शरीरशास्त्रात वेदनेचा प्रकार धरतात आणि तुरटपणात स्पर्शाचा वाटा मोठा असतो. बाकी सगळी लज्जत तोंडातून घशामागच्या वाटेने नाकात पोचणाऱ्या वासाची असते. नाक चिमटीत धरून जळगावच्या केळ्याचा घास घ्यावा. गोडी कळते, मऊपणा कळतो, पण केळे कळत नाही. चिमटी सोडताच केळे परत येते. सर्दीत जेवण बेचव लागते ते याचमुळे.

म्हणूनच वाइनची परीक्षा करणारे ग्लास फिरवतात, आधी हुंगतात, मग घोट तोंडात घोळवतात. आणि त्यानंतर धंदेवाईक परीक्षक तो घोट थुंकून टाकतात. गिळला तर काही ग्लासांनंतर पारख करणारा मेंदूच ताळ्यावर राहणार नाही, हे त्यांना माहीत असते. चव घेणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जहांगीरला पहिली उत्तम जमत होती. दुसरीने त्याला पकडले.

मेंदूची मागणी

अटकेच्या त्या दीड प्याल्यानंतर मात्रा रोज वाढत गेली. काही काळाने द्राक्षाच्या मदिरेचा त्याला अंमलच चढेनासा झाला. मग तो अर्काकडे, म्हणजे दोनदा गाळलेल्या कडक दारूकडे वळला. नऊ वर्षांत वीस प्याल्यांची मजल गाठली. दिवसा चौदा, रात्री सहा. याच्या जोडीला अन्न म्हणजे एखादी कोंबडी, रोटी आणि मुळा. शेवटी सकाळची धुंदी उतरताना हात असे कापू लागले की प्याला त्याला स्वतः धरता येईना. दुसऱ्यांनी तो तोंडाला लावायचा आणि त्याने प्यायचे.

ही सारी लक्षणे त्याने स्वतःच लिहिली आहेत, आणि एखाद्या वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्णाचा इतिहास लिहावा तशा क्रमाने. अल्कोहोल मेंदूला शांत करणारे संदेश वाढवते आणि चेतवणारे संदेश दाबते. रोजच हे होऊ लागले की मेंदू आपला तोल राखण्यासाठी उलट्या बाजूला जोर लावतो. मग जुन्या मात्रेने काही होत नाही, मात्रा वाढवावी लागते. आणि दारूचा अंमल उतरला की मेंदूचा तो उलटा जोर मोकाट सुटतो. हात कापतात, घाम येतो, छाती धडधडते, झोप उडते. आणखी एक प्याला घेतला की थांबते, म्हणून माणूस पुन्हा पितो. मदिरा सोडून अर्काकडे वळला त्या दिवशीच चवीचा प्रश्न संपला होता. आता मागणी जिभेची नव्हती.

या टप्प्यावर त्याने हकीम हुमामला बोलावले. हुमामने भीड ठेवली नाही. असेच चालले तर सहा महिन्यांनी इलाज उरणार नाही, असे त्याने भावी बादशहाच्या तोंडावर सांगितले. जिवाला धाक बसला आणि सलीमने मात्रा कमी करायला घेतली. एकदम बंद न करता त्याने सात वर्षांत वीसवरून सहा प्याल्यांवर आणली. नुसता अर्क सोडून दोन भाग द्राक्षमदिरा आणि एक भाग अर्क असे मिश्रण सुरू केले. प्रत्येक प्याल्याचे वजन त्याने लिहिले आहे, सव्वाअठरा मिस्काल. आजच्या हिशेबाने साधारण ८० ग्रॅम. दिवसा पिणे थांबवून फक्त रात्री. शुक्रवारची आदली रात्र वर्ज्य.

हळूहळू कमी करण्याची ही पद्धत वैद्यकाला धरून होती. हात कापण्याइतके रोज पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, क्वचित जीवही जातो. म्हणून अशा रुग्णाला आज दवाखान्यात ठेवून, औषधे देऊन दारू सोडवतात. सलीमच्या काळी ती औषधे नव्हती. दारू कमी करताना त्याने अफू असलेले फिलोनिया नावाचे चाटण वाढवले आणि पुढे नुसती अफूच घेऊ लागला. दिवसा आठ गुंजा, रात्री सहा. एक व्यसन घटवण्यासाठी दुसरे घरात आले. शेवटच्या आजारापर्यंत ते सुटले नाही.

बंदुकीच्या नळीतली दारू

दानियालची गोष्ट याच्या अगदी उलटी. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि अकबराने खानदेशचा सुभा दानियालकडे दिला. त्याच्या नावावरून सुभ्याला दानदेश म्हणू लागले. मुराद गेल्यापासून अकबराला या मुलाचीही धास्ती होती. त्याने निरोपावर निरोप धाडले. बऱ्हाणपुरात खानखानान अब्दुर्रहीमने शहजाद्याभोवती पहारे बसवले आणि दारूची वाट बंद केली.

दानियालने नोकरांपुढे रडून, धमकावून दारू चोरून आणवली. त्याला बंदुकांचा शौक होता. त्याच्या एका लाडक्या बंदुकीच्या नळीत दुबार गाळलेली दारू भरून आणली गेली. नळीत बारुदीची काजळी आणि लोखंडाचा गंज होता. तो दारूत उतरला. शहजाद्याने ती प्याली आणि अंथरूण धरले, ते कायमचे. जहांगीरने भावाची ही हकीकत लिहिताना गंजाला दोष दिला. आजच्या नजरेने पाहिले तर गंज हे एकटे कारण पुरेसे वाटत नाही. वर्षानुवर्षांच्या दारूने पोखरलेल्या देहाला अखेरचा धक्का कशानेही बसला असता.

एकाने पहाऱ्याला चुकवून दारू लपवली, दुसऱ्याने ती मोजून लिहिली. जहांगीर वाचला त्यात नशिबाचा, प्रकृतीचा आणि स्पष्ट बोलणाऱ्या हकिमाचा वाटा होताच. पण कमी करायची तर आधी किती हे माहीत असावे लागते. वीस हा आकडा त्याने स्वतःशी कबूल केला नसता, तर सहा हा आकडा आलाच नसता.

तरी नुसत्या मोजण्याने घर सुधारले नाही. १६१५ मध्ये इंग्रज वकील सर थॉमस रो सुरतेहून खानदेशातून अजमेरकडे जाताना बऱ्हाणपुरात परवेझच्या दरबारी थांबला. त्याने भेटीदाखल दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. त्या दिवशी परवेझला इतकी चढली की ठरलेली पुढची भेट होऊच शकली नाही. दुसऱ्या वर्षी बादशहाच्या वाढदिवशी रात्री रोला बोलावणे आले. जडावाच्या सोन्याच्या प्याल्यात त्याला बादशहाच्या मिश्रणाची दारू मिळाली. इतकी कडक त्याने कधी चाखली नव्हती. घोट घेताच त्याला शिंक आली आणि बादशहा हसला. कडक दारूची वाफ नाकातल्या वासाच्या पेशींबरोबरच चेहऱ्याची जळजळ मेंदूला कळवणाऱ्या पाचव्या मज्जातंतूलाही चेतवते. मिरचीची आग टिपणारे संवेदकच अल्कोहोलनेही जागे होतात. पाहुण्याचे नाक शाबूत होते, म्हणून त्याला शिंक आली. यजमानाला त्यात काहीच वावगे वाटत नव्हते.

मुलगा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, चोविसाव्या वर्षापर्यंत दारूला शिवला नव्हता. त्याला सणासमारंभाला थोडी घ्यायला बापानेच आग्रह केला आणि त्यासाठी इब्न सीना या थोर हकिमाच्या नावाचा आधार दिला. काही वर्षांनी दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या खुर्रमने चंबळेच्या काठी सगळी दारू नदीत ओतून दिली आणि मग तो बऱ्हाणपूरकडे आला. बापाने जे सात वर्षांत अर्धे केले, ते मुलाने व्यसन जडायच्या आधीच पुरते केले.

दुसऱ्याचे दिसले

१६१८ मध्ये इनायत खान नावाचा एक दरबारी जहांगीरपुढे पालखीतून आणला गेला. अफू आणि दारूने त्याची नुसती हाडे आणि कातडे उरले होते. बादशहा थक्क झाला. माणूस इतका कसा झिजू शकतो हे नोंदले जावे म्हणून त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढायला लावले, खर्चाला पैसे दिले आणि घरी पाठवले. दुसऱ्याच दिवशी तो गेला. मरणाच्या दारातल्या व्यसनी माणसाचे ते चित्र आजही जगभरच्या कलाभ्यासकांना ठाऊक आहे. गालफडे, गळ्याचे हाड, फासळ्या, सारे त्यात नेमके उतरले आहे. ते काढवून घेणाऱ्याने त्या रात्रीचे प्याले मात्र चुकवल्याची नोंद नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्याचे शरीर बोलू लागले. काश्मिरात त्याला डाव्या बाजूला, हृदयाजवळ दडपण आणि श्वासाला अडथळा जाणवू लागला. नामांकित हकीम थकले. शेळीचे, सांडणीचे दूध पिऊन झाले. पिण्याने घटकाभर बरे वाटते म्हणून तो दिवसाही पिऊ लागला आणि उन्हाळ्यात त्रास आणखी वाढला. शेवटी नूरजहाँने सूत्रे हाती घेतली. तिने पथ्य सांभाळले आणि दारू थोडी थोडी करून उतरवली. जहांगीरने कृतज्ञतेने लिहिले की हकिमांपेक्षा तिचा उपाय सरस ठरला. घरच्या माणसाने रागावून बाटली फोडण्याऐवजी रोज जवळ बसून मात्रा उतरवणे, ही गोष्ट आजही औषधाच्या बरोबरीने कामी येते.

१६२२ मध्ये अशक्तपणामुळे लेखणी धरवेना, तेव्हा आठवणी लिहिण्याचे काम त्याने मुअतमद खानाकडे सोपवले. त्यानेच बादशहाची अखेर लिहून ठेवली. १६२७ मध्ये काश्मिरात जहांगीरची भूक गेली. चाळीस वर्षांची सोबतीण अफूही नकोशी झाली. द्राक्षमदिरेचे काही घोट तेवढे जात. परतीच्या वाटेवर त्याने प्याला मागितला. तो ओठांना लावला, पण घोट घशाखाली उतरला नाही. ऑक्टोबर अखेरीस तो गेला.

आंब्याचा, केवड्याचा, गुलाबाच्या अत्तराचा निवाडा करणारी ती जीभ आणि ते नाक त्याला व्यसनापासून वाचवू शकले नाहीत. चांगली पारख आहे, महागडे पितो, पिण्याची रीत माहीत आहे, म्हणून आपल्याला धोका नाही, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अल्कोहोल कर्करोगाला कारण ठरते आणि त्याची निर्धोक अशी मात्रा नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची आजची भूमिका आहे; त्यात वाइन आणि गावठी असा भेद नाही.

जहांगीरकडून घेण्यासारखे एक आहे, ते त्याचे खरे आकडे. डॉक्टरने किती पिता असे विचारले की बहुतेक रुग्ण अर्धेच सांगतात आणि घरचे गप्प बसतात. त्या अर्ध्या आकड्यावर उपचार अर्धेच होतात. सकाळी हात कापत असतील, पहिला घोट घेतल्यावर थांबत असतील, तर मनाने दारू एकदम तोडू नये. सरकारी रुग्णालयात जाऊन खरा आकडा सांगावा. देशभरासाठी १४४४६ ही विनाशुल्क नशामुक्ती हेल्पलाइन आहे. हकीम हुमामला बादशहाच्या मुलाशी खरे बोलता आले, कारण आधी त्या मुलाने हकिमाशी खरे बोलून घेतले होते.